डासानं आणलेला विषाणू कुठून आला, हे कसं कळतं?

पावसाळा लागला की मुंबईतल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर तीच दोन-तीन नावं ऐकू येतात. मलेरियाची स्लाइड, डेंग्यूची एनएस-वन, सांधे धरले असतील तर चिकुनगुनियाची आयजीएम. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर रिपोर्ट येतो. त्यात ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ एवढंच असतं आणि औषधोपचारासाठी बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पण भांडुपच्या रुग्णाचा चिकुनगुनिया आणि वरळीच्या रुग्णाचा चिकुनगुनिया एकाच वाटेनं आला का, हे त्या कागदावरून समजत नाही. तो गेल्या वर्षीपासून इथेच कुठेतरी तग धरून होता की याच महिन्यात कुणाच्या तरी रक्तातून शहरात उतरला, हेही समजत नाही. साथ आटोक्यात आणायची तर हे प्रश्न गंभीर आहेत आणि त्यांची उत्तरं विषाणूच्या जनुकांत लिहिलेली असतात.

ती वाचण्याचं शास्त्र गेल्या वीस वर्षांत कसं घडलं ते पाहायचं तर आधी लहान लहान बेटांवर जावं लागतं. बेटावर यायचे रस्ते मोजके असतात. एखादा विमानतळ, एक-दोन बंदरं. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणारा एडिस डास साधारण शे-दोनशे मीटरच्या टापूतच वावरतो, समुद्र ओलांडून उडत येत नाही. म्हणजे बेटावर नवा विषाणू दिसला तर तो बहुतेक वेळा प्रवास करून आलेल्या माणसाच्या अंगातून आलेला असतो. पहिला रुग्ण कधी सापडला, कुठून विमानं येत होती, किती जणांना लागण झाली याचा हिशेब तिथे बऱ्यापैकी चोख लागतो. त्या हिशेबाशी विषाणूची अक्षरं ताडून पाहता येतात.

लामूपासून रियुनियनपर्यंत

२००४ च्या मध्यावर केनियाच्या किनाऱ्यालगतच्या लामू बेटावर चिकुनगुनियाची साथ आली. त्या वर्षी तिथे पाऊस कमी झाला होता. पाणी जपून वापरायचं म्हणून लोकांनी घरातली भांडी, पिंपं भरून ठेवली होती आणि ती दिवसेंदिवस रिकामी होत नव्हती. पाणीकपातीच्या काळात आपल्या चाळींत आणि वस्त्यांत निळी पिंपं कशी काठोकाठ भरून झाकली जातात, आणि झाकण कसं कधीच नीट बसत नाही, हे पाहिलेल्या मुंबईकराला पुढचं सांगायला नको. एडिसची मादी असल्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला अंडी घालते. साथ ओसरल्यावर लामूत रक्ततपासणी झाली तेव्हा सुमारे ७५ टक्के लोकांना लागण होऊन गेल्याचं दिसलं. वर्षअखेरीस विषाणू मोंबासात होता. २००५ च्या सुरुवातीला तो कोमोरोस बेटांवर पोचला आणि तिथल्या सर्वांत मोठ्या बेटावर सुमारे ६३ टक्के लोक बाधित झाले. तिथून तो रियुनियनला गेला.

रियुनियन हे मादागास्करच्या पूर्वेचं, फ्रान्सच्या अखत्यारीतलं बेट. तेव्हाची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास. पहिले रुग्ण २००५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसले. पुढचे काही महिने साथ मध्यम गतीनं चालली आणि तिकडचा हिवाळा आला, म्हणजे आपल्या पावसाळ्याचे महिने, तेव्हा जवळजवळ थंडावली. सगळ्यांना वाटलं, संपलं. डिसेंबरपासून मात्र ती अशी उसळली की २००६ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला एकाच आठवड्यात ४५ हजारांवर नवे रुग्ण झाले. साथ ओसरेपर्यंत अंदाजे २ लाख ६६ हजार लोकांना ती गाठून गेली होती. दर तीन माणसांत एक. चिकुनगुनियानं सांधे दुखतात, जीव जात नाही, असं तोवर पुस्तकांत छापलेलं असायचं. रियुनियनमध्ये दोनशेच्या वर मृत्यू-दाखल्यांवर या आजाराचं नाव आलं आणि बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाला लागण होते हेही तिथेच पहिल्यांदा नीट नोंदलं गेलं.

बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी की चिकुनगुनियाचा नेहमीचा वाहक, एडिस इजिप्ती, रियुनियनवर अगदी तुरळक होता. बेटभर होता तो त्याचा भाऊबंद, एडिस अल्बोपिक्टस. काळ्या अंगावर पांढरे पट्टे, म्हणून लोक त्याला टायगर मच्छर म्हणतात. हा घरापेक्षा बागेत, झाडीत, करवंटीत साठलेल्या पाण्यात रमतो. चिकुनगुनिया वाहून नेण्यात त्याला तोवर दुय्यम मानत. मग या दुय्यम वाहकानं एवढी मोठी साथ पेलली कशी?

२००६ मध्येच पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या गटानं बेटांवरच्या रुग्णांमधले विषाणू जनुकीय पातळीवर वाचून याचं पहिलं उत्तर पुढे ठेवलं. ते समजायला ‘वाचून’ म्हणजे काय करून, ते आधी पाहू.

बारा हजार अक्षरांची संहिता

चिकुनगुनियाचा सगळा ऐवज म्हणजे आरएनएचा एक धागा, त्यावर चार रासायनिक अक्षरं: ए, यू, जी, सी. एकूण लांबी सुमारे ११ हजार ८०० अक्षरं. डेंग्यू आणि झिका यांची साधारण पावणेअकरा हजार. माणसाच्या जनुकसंचात अशी तीनशे कोटी अक्षरं असतात, त्यापुढे हे अगदीच चिमुकलं. पेशीत शिरल्यावर विषाणू या धाग्याच्या प्रती काढत सुटतो. प्रती काढणारं त्याचं यंत्र घाईचं आहे आणि लिहिलेलं पुन्हा तपासत नाही, त्यामुळे अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात आणि तिथेच संपतात. काही मात्र निरुपद्रवी असतात. त्या टिकतात आणि पुढच्या सगळ्या प्रतींत उतरतात.

माग काढायचा तो या टिकलेल्या चुकांवरून. गणपतीत ऐकून ऐकून पाठ झालेल्या आरत्यांचं असंच होतं. एका वाडीतल्या कुणीतरी कधीतरी एक शब्द चुकीचा ऐकलेला असतो. त्या वाडीतली पोरं तोच शब्द शिकतात, मोठी होऊन डोंबिवलीला किंवा विरारला राहायला जातात आणि तिथल्या सोसायटीत तोच म्हणतात. नव्या जागी त्यात आणखी एखादी चूक मिसळते. शंभर ठिकाणच्या आरत्या टिपून घेतल्या तर कुणाचं घराणं कुठलं, कोण कुणापासून फुटलं, हे चुकांच्या यादीवरून मांडता येईल. दोन्ही चुका ज्यांच्याकडे आहेत ते नंतरचे, एकच आहे ते आधीचे. विषाणूंची वंशावळ नेमकी याच तर्कानं रचतात, फक्त हजारो अक्षरं आणि शेकडो नमुने असल्यानं ते काम संगणक करतो.

या वंशावळीला घड्याळही जोडता येतं. चिकुनगुनियाच्या संहितेत वर्षाला साधारण पाचेक अक्षरं बदलून टिकतात, डेंग्यू-झिकामध्ये आठ ते बारा. वेग ठाऊक असला की दोन नमुन्यांत किती अक्षरांचा फरक आहे त्यावरून त्यांचा सामाईक पूर्वज कधी होऊन गेला याचा अंदाज बांधता येतो. अंदाज महिन्यांच्या पट्ट्यात येतो, तारखेवर बोट ठेवता येत नाही. तरीही तो किती कामाचा ठरतो ते झिकाच्या गोष्टीत दिसेलच.

प्रत्यक्ष प्रयोगशाळेत काय चालतं? सगळ्यात आधी योग्य वेळचं रक्त हवं. ताप आल्यापासून पहिले चार-पाच दिवस, फार तर आठवडाभर, विषाणू रक्तात मुबलक असतो. त्यानंतर शरीराची प्रतिपिंडं त्याला साफ करतात. आयजीएम चाचणी नेमकी ही प्रतिपिंडं पाहते, म्हणून ती उशिरा पॉझिटिव्ह येते, आणि ती येईस्तोवर वाचायला विषाणूच उरलेला नसतो. म्हणून नळीवर नाव-नंबराबरोबर ‘तापाचा कितवा दिवस’ हे लिहिलेलं असणं फार मोलाचं. नळी बर्फातून लॅबमध्ये येते, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळं करतात, लगेच काम होणार नसेल तर उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवतात. आरएनए हा नाजूक पदार्थ. दुपारभर टेबलावर राहिला तर त्याचे तुकडे पडतात.

मग रसायनांनी आरएनए वेगळा काढतात आणि एका विकराच्या मदतीनं त्याची डीएनए-प्रत करतात, कारण डीएनए टिकाऊ असतो. त्यावर पीसीआर चालवतात, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढतात, पण सगळ्या धाग्याची एकसंध प्रत काढत नाहीत. चारशेएक अक्षरांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याची टोकं शेजारच्या तुकड्यावर थोडी चढलेली. एखादा तुकडा हुकला तरी आजूबाजूचं हाती राहतं. हे तुकडे सिक्वेन्सिंग यंत्रात जातात. आता तर मुठीत मावेल एवढं यंत्रही मिळतं. लॅपटॉपला जोडायचं, डीएनएचा धागा त्यातल्या सूक्ष्म छिद्रातून सरकतो आणि प्रत्येक अक्षरागणिक विजेचा प्रवाह किंचित बदलतो, त्यावरून अक्षर ओळखायचं. एकदा वाचून विश्वास ठेवत नाहीत. प्रत्येक जागा दहा-वीस, कधी शेकडो वेळा वाचून बहुमतानं अक्षर ठरवतात. जिथे पुरेसं वाचताच आलं नाही तिथे ‘एन’ लिहितात. म्हणजे ही जागा अज्ञात. शेवटी हाती एक साधी मजकुराची फाइल येते: बारा हजार अक्षरं, मध्ये मध्ये काही ‘एन’. विषाणू कमी असलेल्या नमुन्यात या ‘एन’च्या लांबच लांब ओळी पाहाव्या लागतात आणि आठवड्याची मेहनत वाया जाते.

दोनशे सव्विसावी जागा

रियुनियनच्या फायली एकाखाली एक मांडल्यावर दिसलं ते असं. साथीच्या सुरुवातीच्या, मार्च २००५ च्या आसपासच्या विषाणूंत आणि सप्टेंबर २००५ नंतरच्या विषाणूंत एका ठिकाणी सातत्यानं फरक होता. विषाणूच्या आवरणावर ई-वन नावाचं प्रथिन असतं, पेशीच्या पडद्याशी विषाणूचं मीलन घडवून आणणारं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि त्या माळेतल्या २२६ व्या जागी आधी अॅलॅनिन हे अमिनो आम्ल होतं. नंतरच्या ९० टक्क्यांहून अधिक नमुन्यांत तिथे व्हॅलिन आलं होतं. संहितेत पाहिलं तर बदल फक्त एका अक्षराचा: ‘सी’ जाऊन ‘यू’.

नुसतं एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. साथ फोफावताना एखादी निरुपद्रवी चूकही योगायोगानं सर्वत्र पसरू शकते. म्हणून पुढचं काम महत्त्वाचं होतं. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत दोन विषाणू तयार केले, बाकी सगळं सारखं आणि फक्त हे एक अक्षर वेगळं, आणि ते डासांना पाजले. २००७ साली आलेला निष्कर्ष स्पष्ट होता. व्हॅलिनवाला विषाणू टायगर मच्छराच्या आतड्यात कितीतरी सहज रुजतो आणि लवकर लाळग्रंथींत पोचतो. एडिस इजिप्तीत मात्र त्याला तसा फायदा होत नाही. दुय्यम वाहकाला प्रमुख वाहक बनवायला बारा हजारांतलं एक अक्षर पुरलं होतं.

मला या शोधाचं मोल वाटतं ते साथ आवरण्याच्या दृष्टीनं. डास बदलला की लढाईची जागा बदलते. इजिप्तीसाठी घरातली पिंपं, कूलर, फुलदाण्या, शोभेच्या झाडांखालच्या ताटल्या तपासायच्या. अल्बोपिक्टससाठी आवारातली झाडी, टायर, बांबूची खुंटं, पडलेल्या करवंट्या. हे न कळता धूरफवारणी करत राहणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

त्यानंतर हे २२६ अशी जागा झाली की नवी साथ आली रे आली, शास्त्रज्ञ आधी तीच पाहतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये रियुनियनवर पुन्हा स्थानिक लागण सापडली आणि २०२५ मध्ये तिथे ५० हजारांहून अधिक प्रयोगशाळा-निश्चित रुग्ण झाले. विषाणू वाचला तर पुन्हा तिथे व्हॅलिनच.

बार्शी, यवत आणि केरळ

आता आपल्याकडे येऊ. भारतात चिकुनगुनिया पहिल्यांदा १९६३ साली कोलकात्यात नोंदला गेला, पुढच्या वर्षी मद्रास भागात आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला. बार्शीनंतर जवळजवळ बत्तीस वर्षं मोठी साथ नाही. डॉक्टरांची एक अख्खी पिढी हा आजार न पाहता तयार झाली. मग २००५ च्या शेवटी आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि पाठोपाठ महाराष्ट्रात तापाचे आणि सांध्यांचे रुग्ण दिसू लागले. २००६ साली देशभरात जवळपास १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. मालेगावपासून मराठवाड्यापर्यंत घरंच्या घरं आजारी होती. लोक भिंतीचा आधार घेत चालत होते.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं हे विषाणू वाचले आणि फ्रीजरमध्ये जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिले. १९६३ चा कोलकात्याचा, १९६५ चा नागपूरचा, १९७३ चा बार्शीचा, हे सगळे आशियाई कुळातले निघाले. २००५-०६ चे मात्र आफ्रिकन कुळातले. म्हणजे बार्शीचा विषाणू तीस वर्षं दडून पुन्हा वर आला, असं घडलेलं नव्हतं. हा वेगळाच पाहुणा होता. त्यातही एक चकित करणारा नमुना होता. २००० साली पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या यवतला पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांतून मिळालेला विषाणूही आफ्रिकन कुळातला होता. मोठी साथ भडकण्याच्या पाच वर्षं आधी ते कूळ आपल्या दाराशी येऊन गेलं होतं आणि रुग्णालयांच्या नोंदींत त्याचा मागमूस नव्हता. डास पकडून तपासत राहण्याचं काम कंटाळवाणं, त्याला बातमीत जागा नाही, निधीही मिळत नाही, पण यवतचा हा पुरावा त्याच कामातून आलेला आहे.

तेव्हा सर्रास बोललं जायचं की चिकुनगुनिया रियुनियनहून भारतात आला. बेटांवरची साथ आधी, आपली नंतर, मग दुसरं काय असणार? पूर्ण जिनोमची, म्हणजे विषाणूच्या सगळ्या संहितेची, वंशावळ मांडल्यावर चित्र बदललं. बेटांवरची साथ आणि भारतातली साथ या मायलेकी नसून बहिणी होत्या. दोन्ही शाखा केनियाच्या किनाऱ्याजवळ एका खोडाला मिळतात आणि तिथून स्वतंत्रपणे फुटतात. याला आणखी एक पुरावा होता. २००६ च्या भारतीय नमुन्यांत २२६ व्या जागी अॅलॅनिनच होतं, रियुनियनचं व्हॅलिन नव्हतं.

मग २००७ मध्ये केरळात व्हॅलिन आलं. ते बाहेरून आलं नव्हतं. भारतीय शाखेतच तो बदल नव्यानं घडला होता. केरळात रबराचे मळे, झाडाला बांधलेल्या चिकाच्या वाट्या, त्यांत पावसाचं पाणी आणि त्या पाण्यात टायगर मच्छर. जिथे तो डास मुबलक, तिथे त्याला सोयीचा बदल निवडला गेला. मध्य आफ्रिकेतही असंच घडल्याचं दिसलं. एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणी त्याच जागी तेच अक्षर बदलावं, हे पाहिलं की निसर्गनिवड पुस्तकातली गोष्ट राहत नाही. त्याच उन्हाळ्यात इटलीतल्या रावेन्ना जिल्ह्यातल्या खेड्यांत दोनशेच्या आसपास लोक आजारी पडले. तपासाचा माग केरळहून आलेल्या एका प्रवाशापर्यंत गेला आणि विषाणूची अक्षरंही भारतीय शाखेशी जुळली.

झिका आणि फुटबॉल

२००७ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या याप या जेमतेम सात हजार वस्तीच्या बेटावर झिकाची साथ आली. तीन वर्षांवरच्या सुमारे ७३ टक्के लोकांना लागण झाली. पुढे २०१३ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात आणि २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये झिका ओळखला गेला. लहान डोक्याची बाळं जन्माला येऊ लागली तेव्हा जग हादरलं. विषाणू ब्राझीलला आणला कुणी? २०१४ च्या जून-जुलैत तिथे फुटबॉलचा विश्वचषक झाला होता, ऑगस्टमध्ये रिओला होड्यांची शर्यत होती आणि तिला पॅसिफिक बेटांवरून संघ आले होते. बोटं तिकडे वळली.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्राझीलच्या नमुन्यांवर वर सांगितलेलं घड्याळ लावलं गेलं. उत्तर आलं की विषाणू अमेरिका खंडात बहुधा एकदाच शिरला आणि तो २०१३ च्या मे ते डिसेंबर या काळात. विश्वचषकाच्या निदान सहा महिने आधी. खेळाडूंशी जोडलेला तो संबंध बादरायण ठरला. माझ्या मते यातली खरी काळजीची गोष्ट वेगळी आहे. दीड-दोन वर्षं विषाणू शहराशहरांतून फिरत होता आणि कुणाला पत्ता नव्हता, कारण ताप आणि पुरळ म्हटलं की डेंग्यू समजून पुढे जायची सवय होती.

क्युबाची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१७ मध्ये खंडातली झिकाची साथ ओसरत होती आणि क्युबातून रुग्णांचे आकडे येत नव्हते. पण अमेरिकेतल्या फ्लोरिडात परतणाऱ्या प्रवाशांत झिका सापडत राहिला आणि त्यांतले बरेच जण क्युबाला जाऊन आलेले होते. त्यांच्या विषाणूंची वंशावळ मांडून संशोधकांनी दाखवलं की २०१७ मध्ये क्युबात झिकाची मोठी साथ होती, जगाच्या नोंदीत न आलेली. डासनिर्मूलनाच्या जोरदार मोहिमेमुळे ती शेजाऱ्यांपेक्षा साधारण वर्षभर उशिरा आली असावी, असंही त्यातून पुढे आलं. बेटावर पाऊल न ठेवता, विमानातून उतरलेल्या माणसांच्या रक्तावरून बेटाचं आरोग्य वाचता आलं.

कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटाचा उल्लेख ओझरता करतो. २०१३ च्या डिसेंबरात तिथे अमेरिका खंडातली चिकुनगुनियाची पहिली स्थानिक लागण सापडली. बेटाचा अर्धा भाग फ्रान्सचा, तेव्हा विषाणू रियुनियनचाच असेल असं कुणालाही वाटलं असतं. निघाला तो आशियाई कुळातला, पॅसिफिक आणि पूर्व आशियातल्या नमुन्यांच्या जवळचा.

या पद्धतीला काय जमत नाही

एवढं वाचून असं वाटेल की आता कुणी कुणाला दिलं तेही सांगता येईल. तसं नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं, कारण साथीच्या दिवसांत दोष द्यायला लोक टपलेले असतात. वर्षाला पाच अक्षरं बदलतात म्हणजे दोन-अडीच महिन्यांत एक. माणसातून डासात, डासातून दुसऱ्या माणसात असा एक फेरा तर दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. त्यामुळे एकाच इमारतीतल्या दहा रुग्णांच्या फायली अक्षरशः एकसारख्या असू शकतात. तिसऱ्या मजल्यावरून पाचव्या मजल्यावर गेला की उलट, हे जिनोम सांगू शकत नाही.

दुसरी मर्यादा नमुन्यांची. वंशावळीत फक्त तेच दिसतात ज्यांचं रक्त कुणीतरी घेतलं. एखाद्या देशानं हजार विषाणू वाचले आणि शेजारच्यानं दोनच, तर साथीचं मूळ पहिल्याकडे असल्यासारखं भासतं. कुठलंही ‘अमुक ठिकाणाहून आला’ हे विधान वाचताना आपण विचारावं की मधल्या ठिकाणांचे नमुने होते का.

आणि मुंबई

मुंबईही एकेकाळी बेटंच होती. कुलाबा, माझगाव, परळ, वरळी, माहीम आणि त्यांच्या शेजारची दोन. मधल्या खाड्या बुजवून ती जोडली आणि आज या शहराला बेटाची एकही सोय उरलेली नाही. रोज लाखो माणसं लोकलनं कर्जत-कसारा-डहाणूहून आत येतात, तेवढीच बाहेर जातात. लांब पल्ल्याच्या गाड्या केरळपासून बिहारपर्यंतच्या. विमानतळावर आखाती देश, आफ्रिका, आग्नेय आशिया. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग पसरला तेव्हा तो हाँगकाँगकडच्या जहाजांतून आला असावा असा कयास बांधला गेला, पण त्या वेळी कयासापलीकडे जायचं साधनच नव्हतं. आज ते आहे. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात महापालिकेनं २०२१ मध्ये कोविडच्या निमित्तानं जिनोम सिक्वेन्सिंगची प्रयोगशाळा उभी केली. यंत्रांना विषाणूच्या नावाशी कर्तव्य नसतं. कोविड वाचणारं यंत्र प्रायमर, म्हणजे कुठल्या विषाणूच्या प्रती काढायच्या ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, बदलले की डेंग्यू आणि चिकुनगुनियाही वाचतं.

मला कळकळीनं वाटतं की डासांमुळे होणाऱ्या तापांचे विषाणू या शहरात बारमाही आणि ठरावीक प्रमाणात वाचले गेले पाहिजेत, साथ डोक्यावर आल्यावर नव्हे. बेटावर नवा पाहुणा लगेच उठून दिसतो. मुंबईत तो गर्दीत मिसळतो आणि आधीपासून इथे कोण वावरतं हे ठाऊक नसेल तर नव्याला ओळखणार कसं? डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा एक प्रकार होऊन गेल्यावर दुसऱ्यांदा वेगळा झाला तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. एनएस-वन चाचणी यातला कुठला प्रकार आहे ते सांगत नाही. या वर्षी शहरात कुठला प्रकार डोकं वर काढतोय हे जूनमध्येच कळलं तर ऑगस्टसाठी रुग्णालयांना खाटांची आणि प्लेटलेटची तयारी करता येते. झिकाचंही तेच. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, २०२४ मध्ये पुणे शहरात गरोदर महिलांनाही लागण झाली. मुंबई तिथून तीन तासांवर आहे.

यासाठी प्रत्येक रुग्णाचा विषाणू वाचायची गरज नाही. प्रत्येक वॉर्डातून आठवड्याला चार-पाच नळ्या, तापाच्या पहिल्या चार दिवसांत घेतलेल्या, बर्फात ठेवलेल्या. सोबत तारीख, पिनकोड आणि गेल्या दोन आठवड्यांत रुग्ण कुठे जाऊन आला याची नोंद. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी शिडी लावून टाक्यांवर चढतात, पिंपांत बॅटरीचा झोत टाकून डासअळ्या शोधतात. त्यांच्याकडून त्याच गल्लीतले थोडे डासही हवेत, इजिप्ती किती आणि अल्बोपिक्टस किती हे मोजलेले. आणि लहान दवाखाने यात हवेतच, कारण तापाच्या दुसऱ्या दिवशी माणूस मोठ्या रुग्णालयात जात नाही, तो गल्लीतल्या डॉक्टरांकडे जातो. तिथे एनएस-वनसाठी रक्त काढलं जातंच. रुग्णाला विचारून त्यातलं एक मिलिलिटर सीरम वेगळं ठेवायचं आणि संध्याकाळच्या आत वॉर्डाच्या शीतपेटीत पोचवायचं, एवढी जोडणी करायची आहे.